त्रेसष्ट नंबरचा खण

जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी कावेरी आईची खोली रिकामी करायला सिल्वासाला आली. नाशिकहून पहाटे सुटलेली बस पेठचा घाट उतरून अकराच्या सुमारास स्टँडवर लागली. रिक्षावाल्याला तिने नुसतं 'कॉन्व्हेंट' म्हटलं. किलवणी नाक्यावर सुताची मोठी रिळं भरलेले टेम्पो एकामागे एक उभे होते आणि त्यांच्या मधून वाट काढताना रिक्षावाला हिंदी, गुजराती आणि मराठीतून पाळीपाळीने शिव्या देत होता.

आवार होतं तसंच होतं. पुढे शाळा, उजवीकडे चॅपेल, मागे सिस्टरांचं घर, आणि त्याच्याही मागे चिकूच्या झाडांपलीकडे बोर्डिंगची लांबट कौलारू इमारत. बोर्डिंग बंद होऊन आठ वर्षं झाली होती. आता मुली सकाळी स्कूलबसने येत आणि दुपारी परत जात. इमारतीच्या टोकाला लाँड्रीची खोली होती आणि तिला चिकटून दहा बाय दहाची आणखी एक. त्या लहान खोलीत मंजुळाबाई तेहतीस वर्षं राहिल्या. उन्हाळ्यात ती सगळी बाजू पाडून तिथे नवे वर्ग बांधायचे होते. "सामान सावकाश ने, घाई नाही," असं सिस्टर जसिंता फोनवर म्हणाल्या होत्या. घाई नाही म्हणताना त्यांनी तारीखही सांगितली होती.

मंजुळाबाईंना जाऊन तेवीस दिवस झाले होते.

कावेरी त्रेचाळीस वर्षांची होती. नाशिकच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. वाचन दांडगं, बोलणं बेताचं. दुःख झालं की माणसं रडतात हे तिला माहीत होतं, पण तिचं तसं झालं नव्हतं. तिने चुलत्यांना कळवलं होतं, दमणगंगेच्या काठी अग्नी दिला होता, तेरावं उरकलं होतं, आणि कॉलेजात जाऊन प्रश्नपत्रिका काढल्या होत्या.

खोलीत फारसं काही नव्हतं. एक ट्रंक, स्टोव्ह, चार साड्या, भिंतीवर कुलदेवता कानबाईचा फोटो आणि त्याच्या शेजारी सिस्टरांनी दिलेलं चॅपेलमधल्या माउलीचं कॅलेंडर. दोन्हींना एकच हार. खिडकीत बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता, त्यात सुया आणि लाल दोऱ्याची सात रिळं. लाल दोरा कशासाठी, हे कावेरीला कुणी सांगायची गरज नव्हती.

मंजुळाबाई मूळच्या शिरपूरकडच्या. नवरा, नथू, सुताच्या कारखान्यात लागला म्हणून इकडे आल्या, आणि दोन वर्षांतच तो तापाने गेला. पुढे कुणीतरी ओळख काढून त्यांना कॉन्व्हेंटच्या लाँड्रीत काम मिळवून दिलं. कावेरी तेव्हा पाचवीत होती. मदर सुपीरियरनी तिला बोर्डिंगमध्ये घेतलं. पहिल्या दिवशी फाटकापाशी मंजुळाबाई उकिडव्या बसल्या, तिची वेणी पुन्हा घट्ट केली आणि हळूच म्हणाल्या, "आतमधी मले माय म्हणू नको, बरं का. बाई म्हण. सगळ्या पोरी बाईच म्हणतात."

कावेरीने मान हलवली. एवढंच. हे किती दिवसांसाठी, ते तिने विचारलं नाही आणि मंजुळाबाईंनीही सांगितलं नाही.

बोर्डिंगमध्ये प्रत्येक मुलीला एक नंबर असे. तिच्या प्रत्येक कपड्याच्या आतल्या घडीवर मंजुळाबाई तो लाल दोऱ्याने शिवत. लाँड्रीत भिंतभर लाकडी फडताळ होतं, त्यात शहाऐंशी खण, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात आकडा. शनिवारी चार वाजता व्हरांड्यात रांग लागे. भिंतीत एक खिडकी होती, वर सरकणाऱ्या लाकडी झापेची. मुलगी खिडकीशी आली की आतून आवाज येई, "नंबर?" मुलगी नंबर सांगे. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या कपड्यांची चळत खिडकीच्या फळीवरून पुढे सरके. कोळशाचा आणि खळीचा वास येई.

"नंबर?"

"त्रेसष्ट, बाई."

मग आत क्षणभर काहीच हालत नसे. मंजुळाबाई काहीतरी मोजत असाव्यात असं कावेरीला वाटे. नंतर चळत येई. ती नेहमी गरम असे. सगळ्यांचीच गरम असते अशी तिची समजूत होती. दहावीनंतर केव्हातरी एका मैत्रिणीशी बोलताना तिला कळलं की बाकीच्यांचे कपडे शुक्रवारीच इस्त्री होऊन खणात पडत. तिचे तेवढे शनिवारी, चारला दहा मिनिटं कमी असताना होत.

सहा वर्षं. वर्षाचे साधारण चाळीस शनिवार. दोनशे चाळीस वेळा तिने आपल्या आईला स्वतःचा नंबर सांगितला होता.

सुट्टीत दोघी शिरपूरला मामाकडे जात. तिथे 'माय' म्हणायला कुणाची आडकाठी नव्हती. पण शब्द वापरात नसला की गंजतो. पहिल्या सुट्टीत तो अडखळत आला, दुसऱ्या सुट्टीत आलाच नाही. मग 'अगं ऐक ना' वर भागू लागलं. पुढे नोकरी, लग्न, नाशिक. दर रविवारी फोन. "हॅलो, मी बोलतेय." पलीकडून, "हा, बोल." मंजुळाबाईंनी कधी कुरकुर केली नाही. नाशिकला राहायला चल म्हटलं की म्हणायच्या, "मी आठीच, कॉन्व्हेंटमधीच बरी," आणि हसायच्या.

आणि मग तो दवाखाना. जानेवारीच्या सुरुवातीला सिस्टरांकडे कामाला असलेल्या सोनमचा फोन आला म्हणून कावेरी धावत आली होती. मंजुळाबाईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि स्ट्रेचरपाशी नर्स कागद भरत होती.

"पेशंटचं नाव?"

"मंजुळाबाई."

"तुमच्या कोण लागतात?"

प्रश्न सोपा होता. पण कॉन्व्हेंटच्या सिस्टर बाजूला उभ्या होत्या, आवारातली माणसं होती, आणि कावेरीच्या तोंडून तेहतीस वर्षांच्या सवयीने बाहेर पडलं, "या... मंजुळाबाई. कॉन्व्हेंटमध्ये असतात."

नर्सने रकान्यात 'ओळखीच्या' असं लिहिलं आणि स्ट्रेचर आत नेलं. मंजुळाबाईंचे डोळे उघडे होते. त्या छताकडे बघत होत्या.

नंतर दुरुस्त करू, असं कावेरीला वाटलं. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. देह ताब्यात घेताना कागदावर 'ओळखीच्या' होतं, म्हणून कावेरी ही त्यांची मुलगीच आहे असं सिस्टर जसिंतांना सहीनिशी लिहून द्यावं लागलं.

हे सगळं मनात घेऊन कावेरी त्या खोलीत बसली होती. एकदा, या आवारात, मोठ्याने तो शब्द म्हणायचा, एवढंच तिला हवं होतं. तिने तोंड उघडूनही पाहिलं. शब्द आला नाही.

दुपारी तिने प्रवासात मळलेला मोरपंखी कुर्ता धुतला आणि मागच्या तारेवर दोन चिमट्यांनी अडकवला. तासाभराने बाहेर आली तर कुर्ता नव्हता. चिमटे होते. तारेवर, जिथे लावले होते तिथेच, मिटलेले.

सोनम सिस्टरांच्या स्वयंपाकघरातून भाजीचा कचरा टाकायला आली होती. तिशीची, ठेंगणी, सतत बोलणारी.

"दीदी, तुमचा ड्रेस? मी नाय बघितला. वांदरं येतात इथे, पण ती खायचंच उचलतात. वांदराला मोरपंखी कलर काय करायचाय?"

"चिमटे तसेच आहेत, सोनम."

"मग शिकलेला वांदर असेल," सोनम म्हणाली. स्वतःच हसली, आणि कावेरी हसत नाही हे पाहून गप्प झाली. "मंजुळामावशी असती ना, तर एक पण कपडा इकडचा तिकडे झाला नसता."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सिस्टर जसिंतांनी लाँड्रीची चावी दिली. मंजुळाबाईंचं काही तिथे राहिलं असेल तर पाहून घे म्हणाल्या. कुलूप गंजलं होतं. सोनमने त्यात खोबरेल तेल सोडलं, तेव्हा ते तिसऱ्या खेपेला उघडलं. सोनम उंबऱ्याशीच थांबली. आत वीज नव्हती, जोडणी तोडून कितीतरी वर्षं झाली होती. कौलांतल्या एका काचेतून उजेडाचा चौकोन जमिनीवर पडला होता. इस्त्रीच्या टेबलावरचं जळकं ब्लँकेट धुळीने राखाडी झालं होतं. फडताळाचे खण एकजात रिकामे होते.

एक सोडून.

त्रेसष्टच्या खणात मोरपंखी कुर्ता होता. कॉलर वर, बाह्या पाठीमागे, घडीची रुंदी खणाइतकीच. शनिवारची घडी. कावेरीने तो काढला आणि खालची कड उलटून पाहिली. लाल दोऱ्याने शिवलं होतं, ६३.

कपडा गरम होता.

तिने आधी उजेडाच्या चौकोनाकडे पाहिलं. ऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं. मग तिने बासष्टच्या आणि चौसष्टच्या खणात हात घातला. लाकूड गार होतं.

"सोनम, हे तू केलंस का? केलं असशील तर मी रागावणार नाही."

"दीदी, कुलूप आत्ता तुमच्यासमोर उघडलं ना?" सोनम उंबऱ्यावरून म्हणाली. नंतर खालच्या आवाजात, "आणि मला शिवायला कुठे येतं? माझ्या नवऱ्याची बटणं पण मावशीच लावायची."

कावेरीने कुर्ता परत खणात ठेवला. का ठेवला, हे तिला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी चहाला सिस्टर जसिंतांनी बोलावलं. सिस्टर वसईच्या, आता पंचाहत्तरीच्या. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. कावेरी शिकत होती त्या काळात बोर्डिंग त्यांच्याकडेच होतं.

"काय म्हणतात आकडेवाल्या मॅडम? आवरलं की नाही?"

"आवरतेय." कावेरीने कप बशीत ठेवला. "सिस्टर, एक विचारायचं होतं. मी तिला बाई म्हणायचं, हा नियम कुणाचा होता? मदर सुपीरियरचा?"

"कसला नियम?"

"बोर्डिंगमध्ये कुणाला कळू द्यायचं नाही, असा."

सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. "अगं, असा नियम आम्ही कशाला करू? तुझ्या आईच्या मनात ती भीती होती. पोरी चिडवतील म्हणून. दुसऱ्याच वर्षी मदरनी तिला बोलावून सांगितलं, मंजुळा, पुरे झालं आता, मुलीला सांग, आई म्हणू दे. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"मग?"

"ती म्हणाली, मी नाही सांगणार. मी सांगून ती म्हटली, तर ते काय म्हणणं? तिले वाटंल तवा ती म्हणंल." सिस्टरांनी मंजुळाबाईंचा सूर अगदी जसाच्या तसा काढला, आणि मग स्वतःच थबकल्या. "मला वाटलं, तुला हे माहीत असेल."

बाहेर चिकूच्या झाडाखाली कुणीतरी खराट्याने झाडत होतं.

"मुलींना माहीत होतं?" कावेरीने विचारलं.

"शहाऐंशीच्या शहाऐंशींना. चाल तीच, कपाळ तेच, आंधळ्यालाही कळलं असतं. एकीनेही तुला बोलून दाखवलं नाही. मोठ्या मुलींची तर पैज होती, दहावी संपायच्या आत म्हणते की नाही. शेवटच्या शनिवारी अख्खी रांग श्वास धरून उभी होती. तुला आठवत नाही?"

आठवत होतं. त्या दिवशी रांग गप्प होती. मागे सिस्टर येऊन उभ्या असतील, म्हणून मुली गप्प आहेत, असं कावेरीला वाटलं होतं. तिने 'त्रेसष्ट, बाई' म्हटलं होतं. आत नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ काहीच हाललं नव्हतं. मग चळत आली होती.

"जिंकलं कोण?"

"जाऊ दे ना, बाळा," सिस्टर म्हणाल्या.

शुक्रवारी कावेरीने वर्गात जे शिकवते ते केलं. दोन कपडे घेतले. एक स्वतःची पांढरी ओढणी, दुसरा सोनमकडून मागून आणलेला उशीचा अभ्रा. दोन्ही एकाच पाण्यात धुतले, तारेवर शेजारी शेजारी घातले आणि समोरच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसली. लाँड्रीची चावी तिने कमरेला खोचली होती. ऊन छान होतं. शाळेतून पाढे म्हणणाऱ्या वर्गाचा आवाज येत होता. अथालच्या बाजूने कारखान्याचा भोंगा झाला. तिने पान उलटलं.

वर पाहिलं तेव्हा तारेवर एकटा अभ्रा होता.

वारा नव्हता. चार चिमटे तारेवर होते, दोन अभ्र्यावर आणि दोन मोकळे. एक पान वाचायला तिला दीड मिनिट लागतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

लाँड्रीचं कुलूप लागलेलंच होतं. आत धुळीत कालचे पायांचे ठसे होते, येतानाचे आणि जातानाचे, एकाच मापाचे. तिचेच. ओढणी त्रेसष्टच्या खणात कुर्त्यावर होती. तिने कोपरा उलटला. आकडा होता. शेवटची गाठ मारून दोरा तोडला होता, कात्रीने नव्हे, दातांनी. तोडलेलं टोक तिच्या अंगठ्याला ओलं लागलं.

ती तिथेच टेबलाला टेकून उभी राहिली. भीती वाटायला हवी होती आणि ती थोडी वाटतही होती. पण त्याहून मोठी गोष्ट तिच्या लक्षात आली. त्या खोलीत कुणीतरी अजून काम करत होतं. म्हणजे ऐकणारं कुणीतरी होतं. उद्या शनिवार.

शनिवारी अख्खी शाळा सहलीला गेली. सकाळी आठला चार बसगाड्या गाणी म्हणत वासोण्याला सिंह बघायला निघाल्या. सोनमला मुलं सांभाळायला नेलं होतं. जाताना ती म्हणाली, "दीदी, चला ना तुम्ही पण. एकट्या काय करणार इथे?"

"थोडं काम राहिलंय."

"त्या खोलीत नका जाऊ," सोनम म्हणाली. आज तिने विनोद केला नाही.

दुपारी सिस्टर जसिंता आराम करायला गेल्या. आवारात चिटपाखरू नव्हतं. पावणेचारला कावेरीने लाँड्रीचं कुलूप काढलं, आत गेली आणि दाराची कडी आतून लावली. त्रेसष्टच्या खणाकडे ती मुद्दाम पाहत नव्हती. आत जे कुणी येईल त्याच्यासमोर तिला तो शब्द म्हणायचा होता. दुसरा काही बेत नव्हता.

काचेतून पडलेला चौकोन टेबलाच्या पायापर्यंत आला होता. कोळशाचा वास होता, पण तो जुन्या भिंतींतला असू शकतो, असं तिने स्वतःला सांगितलं. घड्याळात चार वाजले. कुणी आलं नाही. इस्त्री आपटल्याचा आवाज नाही, बांगड्या नाहीत, काही नाही.

"माय," कावेरी म्हणाली.

आवाज घोगरा आला. तिने पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा शब्द नीट, पूर्ण आला, नऊ वर्षांच्या मुलीला येईल तसा. खोली रिकामी होती. धुळीचे कण उजेडात तसेच तरंगत होते. तिने तोंडावर हात दाबून धरला आणि तेवीस दिवसांत पहिल्यांदा, सव्वीस म्हणायला हवं खरं तर, तिला रडू आलं.

तेव्हा बाहेर व्हरांड्यात चप्पल वाजली.

मग दुसरी. मग बऱ्याच.

रबरी स्लिपरांचा तो फटफट आवाज झापेच्या पलीकडे येऊन थांबत होता. कुणीतरी कुणाला ढकललं. कुणीतरी फिसकन हसलं. "शूऽऽ," असं कुणीतरी म्हणालं.

आणि मग रांग एकदम गप्प झाली. श्वास धरल्यासारखी.

झापेवर बोटाने दोनदा टकटक झाली.

कावेरीने झाप वीतभर वर सरकवली. पलीकडे उजेड होता. फळीवर दोन लहान हात होते, उजव्या अंगठ्याला शाई लागलेली. मागे निळ्या पिनाफोरचा पट्टा दिसत होता. जरा वाकली असती तर चेहरा दिसला असता.

ती वाकली नाही.

"त्रेसष्ट, बाई."

सपाट आवाज. स्वच्छ, शहाणा, थोडा घाईतला. हा आवाज कावेरीने आयुष्यभर आतून ऐकला होता. भिंतीच्या या बाजूने तो कसा ऐकू येतो, हे तिला माहीत नव्हतं.

ती थांबली. आणि थांबल्यावर तिला कळलं की हा तोच क्षण आहे, दर शनिवारचा. यात कुणी काही मोजत नव्हतं.

म्हण, तिला सांगायचं होतं. सगळ्यांना माहीत आहे, कुणी हसणार नाही, म्हण. पण सांगून म्हटलं तर ते काय म्हणणं.

फळीवरची बोटं अधीर होऊन वाजू लागली.

कावेरीने वळून त्रेसष्टच्या खणात हात घातला. कुर्ता नव्हता, ओढणी नव्हती. पांढरा ब्लाउज होता, पिनाफोर, दोन पायमोजे, एक रुमाल. सगळं लहान मापाचं. सगळं गरम.

तिने चळत फळीवर ठेवली आणि पुढे सरकवली. एक कड तिच्या हातात राहिली. पलीकडून ओढ लागली, आधी हलकी, मग जोराची.

"पोरी," कावेरी म्हणाली.

पलीकडचे हात थबकले. रांगेत कुणाच्या तरी बांगड्या किणकिणल्या आणि लगेच थांबल्या.

"थँक्यू, बाई," तो आवाज म्हणाला.

कावेरीने कड सोडली. चपलांचा एक जोड व्हरांड्यातून दूर गेला. पळत नाही, रेंगाळत नाही, नेहमीच्या चालीने.

रांगेतून एक मोठा निःश्वास आला. मग सगळ्या स्लिपरा एक पाऊल पुढे सरकल्या.

दुसरे हात फळीवर आले. सावळे, नखं कुरतडलेले.

"चौसष्ट. लवकर द्या ना, बाई."

कावेरी वळली. चौसष्टच्या खणात कपडे होते.